बोडीतली मरळ आणि बर्फातला रोहू

भंडारा-गोंदियाकडच्या आठवडी बाजारात ढिवरीण, म्हणजे मासे धरणाऱ्या समाजातली बाई, घमेल्यावरचं ओलं फडकं उचलते आणि मरळ शेपटीने पाणी उडवते. "जिती आहे जी, पाहून घ्या." मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून बोटभर पाण्यातही तासन्‌तास जगते. आमच्याकडे ताजा मासा म्हणजे जिता मासा. पण गर्दी असते ती पलीकडे, थर्माकोलच्या पेटीतल्या आंध्राच्या रोहूपाशी. तो स्वस्त पडतो.

ही वेळ का आली, हे समजायला तलाव कोणाचा, इथून सुरुवात करावी लागते. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. कोहळी या शेतकरी समाजाने हजारो तलाव आणि बोड्या (लहान तळी) उभारल्या, मासे ढिवरांनी धरले. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पुढे मासेमारी ठेक्यावर गेली. ठेक्याचे पैसे भरायचे तर ढिवरांच्या सहकारी संस्थेला झटपट वजन धरणारा मासा हवा. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं (रोहू-कटल्याच्या कुळातल्या) प्रजनन घडवलं होतं. त्यातून रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, विकत मिळू लागलं. बीज खाणारी मरळ मग तलावाची वैरीण ठरली. जिला गिऱ्हाईक चढा भाव देतं, तिलाच आधी उपसून काढायचं, हे मला आजही पटत नाही.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात याहून वाईट झालं. १९५०च्या दशकात तिथे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. त्याने शेकडो स्थानिक जाती फस्त केल्या. पुढे कारखाने आले, मांसाचे तुकडे युरोपला जाऊ लागले आणि काठावरच्या गरिबांच्या ताटात त्याची डोकी नि सांगाडे उरले.

कंबोडियाने उलट वाट धरली. तोन्ले साप सरोवराचे पट्टे फ्रेंच काळापासून लिलावाने ठेकेदारांना जात. २०१२ मध्ये ते रद्द करून पाणी गावकऱ्यांना खुलं केलं. चोरटी मासेमारी थांबली नाही, तरी जाळं टाकायला ठेकेदाराची परवानगी लागेनाशी झाली.

आपल्याकडेही काही गावांत ढिवर बायका तलावातली बेशरम ही माजलेली झुडपं उपटून देशी पाणवनस्पती लावताहेत. त्या देशी वनस्पतींत मरळ अंडी घालते.