दशी, चिंधी, वाकळ: सीमाभागातल्या हातच्या भेटींची पार्श्वभूमी

मागावरचं लुगडं संपत आलं की ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, शेवटचा हातभर भाग विणता येत नाही. आडवा धागा नेणारा धोटा फिरायला जागाच उरत नाही. मग ताणा तिथं कापतात आणि जे सुटे धागे हाती येतात त्यांना दशा म्हणतात. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात घराघरांत माग होते, तेव्हा प्रत्येक घरात या दशांचं एक गाठोडं असायचं. अमावास्येनंतर बीजेची कोर दिसली की माझी आजी अंगणात जाऊन नेसत्या लुगड्याची एक दशी ओढून चंद्राला वाहायची आणि म्हणायची, "जुनं घे, नवं दे." पुष्कळ घरांत ही रीत होती. इथल्या टाकाऊतून केलेल्या भेटींचा मागोवा घ्यायचा तर मला सुरुवात या दशीपासूनच करावीशी वाटते. प्रत्यक्ष देवाला जुनं देताना जिथं संकोच नव्हता, तिथं शेजारणीच्या बाळाला देताना तो कुठून येणार?

शहापूर आज बेळगाव शहरातच मोडतं, पण 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. अलीकडे इंग्रजांची छावणी नि कचेऱ्या, पलीकडे संस्थानी पेठ. 1880 च्या दशकात गोकाकच्या धबधब्याशेजारी पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी उभी राहिली आणि गिरणीचं सूत मागवाल्यांच्या हाताशी आलं. तरीही कापड स्वस्त झालं नाही. ताणा लावायचा, पांजणी करायची, म्हणजे सुताला खळ द्यायची, आणि मग दिवसचे दिवस खड्ड्यात पाय सोडून धोटा मारायचा. ज्यांच्या घरात हे चालायचं त्यांना एका वितीची किंमत नीट ठाऊक होती. म्हणून लुगड्याचा प्रवास लांबलचक असे. मधोमध विरलं की तेवढा भाग काढून दोन धड तुकडे जोडायचे, त्याला दांड घालणं म्हणतात. दांडाचं लुगडंही विरलं की त्यातून पोरीचा परकर, बाळाचं झबलं, मग दुपटं, मग डोईवरच्या घागरीखालची चुंबळ, मग पोतेरं. अगदी शेवटी उरलेल्या चिंधीचा काकडा. हातची भेट या साखळीत मधे कुठंतरी निघायची, आणि ती निघायची तेव्हा कापड सगळ्यात मऊ झालेलं असायचं.

हा मऊपणा महत्त्वाचा आहे. नवं सुती कापड खळीमुळे कडक आणि खरखरीत असतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगाला ते टोचतं. शंभर वेळा धुतलेलं, उन्हात वाळलेलं लुगडं मात्र सायीसारखं होतं आणि पाणी पटकन शोषतं. म्हणून बाळंतविड्यात आजीच्या किंवा पणजीच्या लुगड्याचं दुपटं लागायचंच. ज्या बाईनं नातवंडं-पतवंडं पाहिली तिचं वस्त्र बाळाच्या अंगावर पडावं, तिचं आयुष्य त्याला लागावं, अशी भावना त्यामागे होती. गरिबीमुळे जुनं दिलं, असं आज कुणी म्हटलं की मला ते खटकतं. खाऊन-पिऊन सुखी घरांतूनही जुन्याचंच दुपटं मागून नेत. एखाद्या घरी दीर्घायुषी सासूबाई असल्या तर त्यांचं फाटकं लुगडं कुणाला मिळणार यावरून लेकी-सुनांत रुसवेफुगवे होत.

दुपट्याच्या जोडीला कुंची. तिच्यासाठी बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा खण. खण अरुंद पन्ह्याचा, चोळीपुरताच विणलेला. चोळी बेतल्यावर काखेकडचे नि गळ्याचे तिरके तुकडे उरत. तेवढ्यात तान्ह्याची कुंची किंवा टोपडं बसतं. त्याला इरकली लुगड्याच्या लाल पदराची किनार लावायची आणि कपाळावर एखादा मणी टाचायचा. उरलेल्यातून बटवा, पान खाणाऱ्या आजोबांना कप्प्याकप्प्यांची चंची, पोरांना चिंध्यांचा चेंडू. बेंदराला बैलाच्या पाठीवर पडणारी झूलसुद्धा पुष्कळदा अशाच तुकड्यांची असे.

आता वाकळ. इतरत्र गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. कन्नड शेजारीण तिलाच कौदी म्हणते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे, वर तुकड्यांची मांडणी करायची आणि कडेपासून कडेपर्यंत धावदोरा घालत जायचं. उन्हाळ्यात दारोदार फिरून वाकळा शिवून देणाऱ्या बाया यायच्या. मजुरीबरोबर जेवण आणि जुनेर. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर एक वाकळ जायची. माहेरच्या प्रत्येक बाईचा एकेक तुकडा तिच्यात असायचा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या लेक तो बोटानं ओळखायची: हा आईचा, हा थोरल्या काकूचा, हा आत्याच्या लग्नातला.

याच मुलखात वाकळेची एक वेगळी जात आहे, जिच्याबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं. खानापूरच्या जंगलपट्टीत आणि त्याला लागून उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांच्या काळात आणि त्याच्या आधीही आफ्रिकेतून भारतात आणल्या गेलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. तिची तऱ्हा आपल्या वाकळेच्या उलटी. त्या एका कोपऱ्यापासून कडेकडेनं सुरुवात करतात आणि फेरे घेत मध्यापर्यंत येतात, तुकडे लावणं आणि टाके घालणं एकाच वेळी चालतं. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. लहान बाळाच्या कवंदीवर रंगांची जास्तच उधळण असते. आज या कवंद्या परदेशांतल्या संग्रहालयांच्या भिंतींवर टांगलेल्या दिसतात. मूळ वस्तू मात्र कुणाच्या तरी नातवासाठी शिवलेली असते.

हातच्या भेटीला सार्वजनिक मान मिळाला तोही बेळगावातच. 26 आणि 27 डिसेंबर 1924 ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते फक्त याच अधिवेशनाचे. सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात द्यायची, महिन्याला 2000 वार, हा ठराव इथंच पक्का झाला. तो फार काळ टिकला नाही. पण जवळच्या हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांनी खादीचं काम पुढं नेलं, हुदली खादीचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि 1937 मध्ये गांधीजी तिथंही येऊन राहिले. पाहुण्याला फुलांऐवजी सुताचा हार घालायची पद्धत त्या काळात रुळली. फुलं संध्याकाळी कोमेजतात, सुताचं पुढं कापड होतं. गांधीजी स्वतः आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, पाकिटं उलटून वापरत. 1947 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नात जगभरातून हिरे-माणकं आली. गांधीजींनी पाठवलं स्वतः कातलेल्या सुताचं जाळीदार विणकाम, मधे 'जय हिंद' ही अक्षरं गुंफलेलं. स्वस्त आणि हातच्या भेटीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, 1943 पासून कापडावर नियंत्रण आलं, आणि दांड घालणं, उसवून पुन्हा शिवणं ही कामं सगळ्याच घरांत वाढली. तेव्हा वयात आलेल्या बायकांना पुढं आयुष्यभर साधी दोऱ्याची गुंडी टाकवली नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात (पुढच्या महाराष्ट्रात) राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. काल एका जिल्ह्यात असलेली माहेर-सासरं दोन राज्यांत विभागली. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, अजून खटला चालू आहे, आणि ते दुःख मोठं आहे. इथं एवढंच सांगायचंय की दुपटी आणि वाकळा एसटीच्या टपावरून तशाच जात-येत राहिल्या, चंदगडला, गडहिंग्लजला, निपाणीवरून कोल्हापूरला.

त्याच सुमाराला भेटीचं सामान बदलू लागलं, आणि ते दिसलं रुखवतात. फुटक्या काकणांचे तुकडे मेणबत्तीवर वाकवून एकमेकांत अडकवलेली तोरणं, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची फुलं, काड्यापेट्यांचे पलंग, खारका-सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, मणी ओवलेली तोरणं आणि नंतर रंगीत वायरच्या पिशव्या. नवरीच्या मैत्रिणी महिनाभर आधीपासून जमायच्या. जेवणावळीच्या आधी मांडवात रुखवत पाहायला जी गर्दी व्हायची, तिच्यात सासरच्या बायका नवऱ्या मुलीच्या हाताची परीक्षा करत असत, हेही खरं. ते ओझं होतं आणि ते गेलं याचं मला वाईट वाटत नाही. मैत्रिणींचं ते महिनाभराचं बसणं गेलं, त्याचं वाटतं.

शाळेत ही कला आली ती मात्र वरून. 1937 च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. कोठारी आयोगानं 1966 मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवलं. मराठी शाळांत त्याचं झालं 'टाकाऊतून टिकाऊ'. आम्ही करवंटीची फुलदाणी आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करून नेलं, गुण मिळाले, आणि वस्तू शाळेच्या कपाटात गेली. ती कुणाला द्यायची आहे हा प्रश्न कुणी विचारला नाही. माझ्या मते इथंच कलाकुसरीचा धागा तुटला. दुपटं शिवणारीला बाळाचं नाव ठाऊक असायचं.

पण खरा घाव कापडावरच पडला. 1960 नंतर नायलॉन, टेरिलीन आणि पुढं पॉलिस्टरचे इतर प्रकार आले. हे कापड विरत नाही, मऊ होत नाही, घाम शोषत नाही. नायलॉनच्या साडीची वाकळ शिवून पाहा: थर सरकतात, टाका सैल पडतो, अंगावर घेतली की उकडतं. जुनं कापड घरात ढिगानं होतं आणि त्याचं काहीच होत नव्हतं. नेमक्या तेव्हाच दारावर बोहारीण येऊ लागली. जुन्या साड्या द्या, स्टीलचं पातेलं घ्या. चकचकीत भांड्याची हौस खोटी नव्हती. तांब्या-पितळेची कल्हई करून थकलेल्या बायकांना स्टील हवंच होतं. त्या गाठोड्यात घरातली शेवटची सुती लुगडीही गेली. माझ्या आईनं आजीची दोन लुगडी देऊन एक डबा घेतला होता. डबा अजून आहे.

संक्रांतीच्या वाणाचंही तसंच झालं. सुगडात ऊस, बोरं, हरभरा, गाजर एवढंच असायचं. मग वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या लुटायची पद्धत पडली आणि प्रत्येक घरात न वापरलेल्या डब्यांची चळत साठली. 2016 मध्ये कर्नाटकानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा पहिल्यांदा गल्लीतल्या बायका जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून वाण म्हणून देताना पाहिल्या. कुणी दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून त्यांच्या पट्ट्यांच्या बसायच्या चटया विणल्या. अलीकडे खणाच्या बटव्यात तिळगूळ घालून देतात. मला हे सगळं आवडतं. फक्त एक दिसतं: खणाचा बटवा करायला बायका नवा खण दुकानातून मीटरवर घेतात, गोंद, लेस, चमकी विकत आणतात. मग त्या बटव्यात जुनं असं काही राहत नाही, आणि खर्च बाजारच्या भेटीएवढाच होतो.

उरलंसुरलं अजूनही मिळतं, कुठं शोधायचं ते कळायला हवं. भाचीच्या बाळासाठी दुपटं करायचं ठरलं तेव्हा माझ्या कपाटात एकही सुती साडी धड सापडली नाही. शिंप्याकडं गेले. तो म्हणाला, "ताई, ही शाळेच्या कपड्यांची कातरणं नेऊ नका, सगळं टेरीकॉट आहे. अस्तराची न्या." मी विचारच केला नव्हता. साडी सिंथेटिक, ब्लाउज सिंथेटिक, पण अंगाला लागणारं आतलं अस्तर अजूनही सुतीच असतं. त्यानं कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं: मोरपंखी, अबोली, चिंतामणी, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या लग्नसराईचे रंग. दुपट्यात चौतीस तुकडे बसले. चार-पाच धुण्यांत खळ निघून गेली. भाची चंदगडला दिलेली आहे, दुपटं पोचल्यावर तिनं फोन करून विचारलं, "मावशी, यातला तुझा कुठला?"