जवसाचं तेल की माशाचं? दोन्ही ‘ओमेगा-थ्री’, पण काम वेगवेगळं

बेळगावात कुठल्याही मेडिकलसमोर उभे राहा, कोणीतरी म्हणतंच: “दोन्हीत ओमेगा-थ्रीच की! इम्युनिटी वाढतीय, कुठलंही घ्या.” एका वाक्यात दोन घोटाळे.

जवस आपल्याला शिकवायला नको. खानापूरपासून निपाणीपर्यंत जवसाची चटणी भाकरीबरोबर असतेच. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे एएलए असतं; जवसातलं ओमेगा-थ्री (एक प्रकारचं स्निग्धाम्ल) ते हेच. माशाचं तेल उग्र वासाचं आणि महाग, हे सांगून तो विषय संपवतो.

खरी मेख पुढे आहे. एएलए १८ कार्बनचं. माशातली ओमेगा-थ्री म्हणजे ईपीए आणि डीएचए; ईपीए २० कार्बनचं, डीएचए २२ चं. आपलं शरीर एएलएपासून ही लांब आम्लं बनवतं, पण अगदी हात राखून. ईपीए साधारण दहा टक्क्यांच्या आत बनतं, डीएचए तर नावापुरतं. त्यातून ज्या एन्झाइमवर हे काम चालतं, तेच सूर्यफूल आणि करडईच्या तेलातल्या ओमेगा-सिक्सलाही (स्निग्धाम्लांचा दुसरा प्रकार) लागतं, आणि ही तेलं आपल्या फोडणीत रोज पडतात.

हे इतकं ताणून सांगतोय, कारण प्रतिकारशक्तीचा प्रश्न इथेच अडतो. पांढऱ्या पेशींच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल असतं; दाह (शरीरातली सूज) पेटवणारी प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राईन ही रसायनं त्यातून तयार होतात. ईपीए त्याची जागा घेतं आणि त्यातून निघणारी रसायनं बहुतेक सौम्य असतात. एएलए तिथे फारसं पोचतच नाही.

म्हणजे परिणाम झालाच, तर तो दाह शमवण्याकडे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५५ वर्षांवरच्या निरोगी माणसांनी १२ आठवडे वेगवेगळी तेलं घेतली. माशाच्या तेलाच्या गटात एनके पेशींची मारकशक्ती सरासरी ४८ टक्क्यांनी घटली. या पेशी विषाणूग्रस्त पेशींना मारतात. तेल थांबवल्यावर चार आठवड्यांत ती पूर्ववत झाली. एएलएच्या गटात असा फरक दिसला नाही. आता सांगा, डब्यावर ‘इम्युनिटी बूस्टर’ छापणाऱ्याला काय म्हणावं? तरी यावरून माशाचं तेल घेणारा आजारी पडतो असंही ठरत नाही. कमी मात्रेच्या कित्येक चाचण्यांत निरोगी माणसांत काहीच बदल सापडलेला नाही.

मात्रेचं गणितही लोक बघत नाहीत. डब्यावरचा १००० मिलिग्रॅम हा आकडा तेलाच्या वजनाचा. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. त्या चाचणीत रोज ईपीएच ७२० मिलिग्रॅम होतं, म्हणजे अशा चार कॅप्सूल. तेव्हा डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. कॉड लिव्हर ऑइलला मात्र हा हिशेब लावू नका. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वंही असतात आणि ती जादा झाली तर बाधतात.

माझं म्हणाल, तर निरोगी माणसानं इम्युनिटीसाठी दोन्हींपैकी काहीच विकत घेऊ नये. मासे खात असाल तर बांगडा, तारली खा. जवस चवीसाठी आणि चोथ्यासाठी खा, पण कुटून; अख्खे दाणे बरेचसे तसेच बाहेर पडतात. शाकाहारी माणसाला डीएचए हवंच असेल, तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं नाही ना, हे विचारून घ्या.