संविधानाच्या सरनाम्यातली बंधुता कुठून आली?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. दरवर्षी त्या दिवशीच्या भाषणांत स्वातंत्र्य, समता, बंधुता येतेच आणि पाठोपाठ त्यांचा उगम म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीही. बंधुतेपुरते तरी हे इतके सरळ नाही.

नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, समता, स्वातंत्र्य होते, बंधुता नव्हती. ती घातली मसुदा समितीने. २१ फेब्रुवारी १९४८ च्या पत्रात समितीचे अध्यक्ष आंबेडकरांनी तसे कबूलच केले: ठरावात नसले तरी घातले, कारण बंधुभावाची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. फाळणी ताजी होती. गांधीहत्येला तीन आठवडे झाले होते, आणि त्यानंतर ब्राह्मणांची घरे कशी पेटली हे सातारा-सांगलीकडच्या गावांना वेगळे सांगायला नको.

विचार मात्र जुना. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई लोकशाहीला नुसता राज्यकारभाराचा प्रकार न मानता एकत्र जगण्याची रीत मानत. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी हेच सूत्र जातीला लावले. १९५४ मध्ये आकाशवाणीवर त्यांनी फ्रेंच उसनवारी साफ नाकारली. ही तत्त्वे बुद्धाकडून घेतली, आणि स्वातंत्र्य-समतेची खरी राखण कायदा नव्हे, बंधुताच करते, असे सांगितले.

मला मात्र आधी सातारा जिल्ह्यातले मसूर स्टेशन आठवते. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावी निघालेला भीमराव भाऊ आणि भाच्यांसह तिथे उतरला. जात कळताच बैलगाडी मिळेना. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची. जेवण बरोबर होते. पाणी कुणी देईना, रात्र तहानेत गेली. खिशात पैसे होते, रस्ता सरकारी होता. कायद्याने काहीच अडवले नव्हते.

न्यायालयांत समतेवर खंडच्या खंड झाले, बंधुता बरीच वर्षे कोपऱ्यात राहिली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा ठळक आधार घेतला, तो बदनामीला फौजदारी गुन्हा ठरवणारी कलमे वैध ठरवताना. सरनाम्यात बंधुतेशेजारीच व्यक्तीची प्रतिष्ठा आहे, त्यामुळे युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तरी मसूरची ती रात्र वाचलेल्याला तो पचायला जड जातो.