रात्रीची गस्त सुरू करायची आहे? ग्रामसुरक्षा दलाचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

गावात दोन-तीन घरं फुटली की चावडीवर बैठक होते, पोरं हात वर करतात आणि त्याच रात्री गस्त निघते. अर्जाचं नंतर बघू, असं ठरतं. पुढे अर्ज जातोही, पण चुकीच्या नावानं आणि चुकीच्या साहेबाला. मग तो पडून राहतो.

पहिला घोळ नावाचाच. ग्रामसुरक्षा दल, ग्रामरक्षक दल आणि तंटामुक्त गाव समिती ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. चोरी-दरोड्यापासून संरक्षणासाठी जे दल उभं राहतं, त्याचा आधार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधलं कलम 63 ब. ग्रामरक्षक दल आहे अवैध दारू रोखण्यासाठी. ते 2016 च्या दुरुस्तीनंतर दारूबंदी कायद्याखाली आलं आणि त्याची वाट ग्रामसभेतून जाते. तंटामुक्ती ही 2007 ची मोहीम, भांडणं सामोपचारानं मिटवण्यासाठी. तुमचा विषय रात्रीच्या गस्तीचा आणि अर्जाच्या डोक्यावर ‘ग्रामरक्षक दल’ असलं, तर कागद भलत्याच टेबलावर जातो. तिथला माणूस ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढंच सांगतो. मग कुणाकडे येतं, हे सांगायला त्याचं काय जातं, कोण जाणे. माणसं हेलपाटे घालून दमतात आणि अर्जच सोडून देतात.

दल स्थापन करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांचा आहे. सरपंच, पोलीस पाटील किंवा ठाण्याचे साहेब यांना तो नाही. म्हणून अर्ज ‘पोलीस अधीक्षक यांना, मार्फत प्रभारी अधिकारी’ असा लिहा, ठाण्यात द्या आणि एक प्रत पोलीस पाटलांना द्या. साधा कागद चालतो. ठाण्यानं नमुना दिला तर तो भरा. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ ही पोच नव्हे.

शहरात राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की कलम 63 ब गावांसाठी आहे. सोसायटीनं वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना पत्र द्यायचं: सर्वसाधारण सभेचा ठराव, गस्तीची वेळ, दोन संपर्क क्रमांक आणि बीट अंमलदाराशी (तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाशी) समन्वयाची विनंती. पत्रात ‘परवानगी’ मागितली की कुणीच सही करायला धजत नाही. स्वतःच्या आवारात फेरी मारायला ती लागतही नाही. मात्र त्या पत्रामुळे कुणाला रस्त्यावर थांबवण्याचा, ओळखपत्र मागण्याचा किंवा पिशवी उघडायला लावण्याचा अधिकार मिळत नाही.

सदस्याचं वय 20 ते 50. इथं मन दुखावतं, कारण सगळ्यात उत्साही असतात ती अठरा-एकोणीसची पोरं आणि पन्नाशी ओलांडलेले निवृत्त फौजी. त्यांची नावं यादीत घुसवू नका, एका नावासाठी अख्खी यादी परत येऊ शकते. साठीतल्या काकांना फोन आणि नोंदवही सांभाळू द्या, ते काम त्यांच्याइतकं नीट कुणी करणार नाही.

कागदांत हमखास अडतो तो राहण्याचा पुरावा. भाड्यानं राहणाऱ्याच्या आधारवर मूळ गावचा पत्ता असतो आणि नोंदणीकृत भाडेकरार नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, तरी भोगतो भाडेकरू. करार होत नसेल तर आधारवरचा पत्ता बदलून घ्या आणि मगच नाव द्या. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी सगळ्यांनी एकदम ऑनलाइन अर्ज करून पैसे घालवू नका. आधी ठाण्याला विचारा, ठाण्यातल्या नोंदी त्यांना तपासता येतात. कुणावर गुन्हा दाखल असेल तर लपवू नका, ते नाव गाळा. आणि प्रत्येकाची सही स्वतःची हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेली नावं चौकशीच्या वेळी ‘मला माहीतच नाही’ म्हणतात.

आता काठीबद्दल. जिल्ह्यात त्याच पोलीस अधिनियमातल्या कलम 37(1) चा मनाई आदेश वरचेवर लागू होतो आणि त्यात काठ्या-लाठ्याही येतात. 37(3) चा आदेश असेल तर पाच जणांचा जमावही चालत नाही. चोर शोधायला निघालेल्या पोरांवरच गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून चालू आदेशाची चौकशी ठाण्यात करत राहा, आणि हातात टॉर्च व शिट्टी एवढंच ठेवा.

यापुढचं मात्र अगदी सावकाश वाचा. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. त्या भागात चोरांच्या अफवेनं लोक रात्री पहाऱ्यावर होते. म्हणून अर्जासोबत नियमांचं एक पान जोडाच: अनोळखी माणूस दिसला तर 112 ला फोन, हात लावायचा नाही, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. अधिकारी हे पान मागोत वा न मागोत, गावाला त्याची गरज आहे.

गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या समोर करणाऱ्याला तुम्ही पकडू शकता. त्यातल्या सहा तासांचा अर्थ लोक उलटा लावतात. सहा तास डांबून विचारपूस करा, असा तो नाही. विनाकारण उशीर न लावता पोलिसांच्या हवाली करायचं आणि त्याची शेवटची मर्यादा सहा तास. संशयावरून धरलेला माणूस यात बसतच नाही.

पगारी रखवालदार ठेवायचा तर एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा परवाना आहे का ते पाहा.

अर्ज तुंबला तर पोचीची प्रत जोडून माहिती अधिकारात विचारा: अर्ज आज कुणाकडे आहे आणि त्यावर काय कार्यवाही झाली? तीस दिवसांची मुदत या प्रश्नाच्या उत्तराची आहे, दल मंजूर होण्याची नव्हे. त्या दिवशी मंजुरीची वाट बघत बसू नका. आणि ठाण्याचे साहेब बदलले की सदस्यांची यादी नव्या साहेबांना पुन्हा द्या, गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी करून, पुन्हा पोच घेऊन.