वाइडबँड सेन्सर बसवण्याआधी एवढं वाचून घ्या

(आमच्या धुळ्याच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या ग्राहकांसाठी)

टर्बो बसवला, इंजेक्टर मोठे टाकले, ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) रीमॅप केला म्हणजे त्याची सेटिंग बदलली किंवा सीएनजीचं ट्यूनिंग करायचं आहे, अशा वेळी इंजिनात हवा आणि इंधन कोणत्या प्रमाणात जळतंय हे नेमकं कळायला हवं. सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर त्यासाठीच असतो. गाडी कंपनीतून आली तशीच असेल आणि फक्त पिकअप कमी वाटत असेल, तर हा खर्च करू नका. आधी प्लग, एअर फिल्टर आणि फ्युएल प्रेशर तपासू. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

साध्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.४५ च्या खाली-वर उड्या मारतं. मिश्रण रिच (इंधन जास्त) आहे की लीन (इंधन कमी), एवढंच त्यातून समजतं. किती रिच, किती लीन, हे वाइडबँड सांगतो. त्याच्या आत ऑक्सिजन ओढणारा-ढकलणारा एक छोटा पंप असतो आणि त्या पंपाला लागणारा करंट मोजून आकडा निघतो. हे सगळं नीट चालायला टोक साधारण ७८० अंशांपर्यंत तापलेलं लागतं. ते तापमान सांभाळणं कंट्रोलरचं काम, म्हणून नुसता सेन्सर आणून मीटरला जोडता येत नाही.

कोणता घ्यावा

बाजारात बॉशचे एलएसयू ४.२ आणि एलएसयू ४.९ जास्त दिसतात. आमचा सल्ला ४.९ चा. ४.२ ला अधूनमधून पाइपातून काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागतं, ४.९ ला सहसा लागत नाही. मात्र कंट्रोलर ज्या सेन्सरसाठी बनलाय तोच सेन्सर लावायचा. वायर आखूड पडली म्हणून कनेक्टर कापू नका. त्या कनेक्टरच्या आतच त्या सेन्सरचा कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो. तो गेला की आकड्यावर भरवसा राहत नाही.

मीटर लॅम्बडा दाखवणारं घ्या. पेट्रोलला एक किलो इंधनामागे १४.७ किलो हवा लागते, आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५, आणि सीएनजीला १७ च्या आसपास. पेट्रोलच्या स्केलचं मीटर मात्र योग्य मिश्रणाला तिन्हींवर १४.७ च दाखवतं, आणि लोक गोंधळतात. लॅम्बडा म्हणजे लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा: १ म्हणजे बरोबर, खाली रिच, वर लीन, इंधन कोणतंही असो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर साध्या पेट्रोल इंजिनला ०.८५ ते ०.९० ठीक, टर्बोला आणखी रिच लागतं.

जागा आणि वेल्डिंग

सगळं काम इथे ठरतं. जागा टर्बोच्या नंतर आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधी, सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र येतो तिथे हवी. इंजिनपासून दोन ते तीन फूट अंतर चांगलं. पाइपाकडे समोरून पाहिलं तर सेन्सर घड्याळातल्या १० आणि २ च्या मध्ये यावा. सकाळी गार गाडी सुरू झाली की सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. खाली तोंड केलेल्या सेन्सरमध्ये ते साचतं, आणि तापलेल्या टोकावर पाण्याचा थेंब पडला की आतलं सिरॅमिक तडकतं. बंग (सेन्सर ज्यात आवळतो ती आट्यांची रिंग) वेल्ड करताना सेन्सर बाहेर ठेवतो आणि बॅटरीची वायर काढतो. आटे १८ मिलिमीटरचे, टॉर्क ४० ते ६० न्यूटन-मीटर.

गेल्या उन्हाळ्यात एका गाडीला आम्हीच सेन्सर बसवला. आयडलला मीटर सारखं लीन. आम्ही दोन दिवस इंधन वाढवत राहिलो, प्लग काळे पडले, आकडा काही हलेना. मालक म्हणाले, ‘‘भाऊ, हाई मीटर खोटं बोली ऱ्हायनं का?’’ शेवटी गार इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर येतो तिथे) हात धरला तर गॅस्केटमधून बारीक फटफट लागली. तिथून बाहेरची हवा आत जात होती आणि सेन्सर तोच ऑक्सिजन मोजत होता. मीटर खरंच सांगत होतं, चूक आमची होती. तेव्हापासून गळती तपासल्याशिवाय बंगसाठी भोक पाडत नाही. मिसफायरलाही असंच होतं: न जळलेल्या हवेमुळे आकडा लीन येतो.

वायरिंग

प्लस फ्यूज आणि रिलेमधून घ्या, इंजिन चालू असतानाच सुरू होईल असा. कंट्रोलरची सिग्नल अर्थ ईसीयूच्या अर्थजवळच द्या. ० ते ५ व्होल्ट म्हणजे हवा-इंधनाचा १० ते २० रेशो अशी सेटिंग असेल, तर ०.१ व्होल्टचा अर्थिंगचा फरक थेट ०.२ ची चूक दाखवतो. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर काढू नका, तो ईसीयूला लागतोच.

कंट्रोलर बंद पडला तर सेन्सर पाइपात तसाच ठेवून गाडी चालवू नका. गार टोकावर काजळी बसते आणि सेन्सर मरतो. काढून बंगला प्लग लावा. जवळच्या सांध्यांना साधा सिलिकॉन सीलंटही नको. त्याच्या वाफेने टोक निकामी होतं.

चाचणी आम्ही लळिंग घाटात घेतो, चढावर इंजिनवर खरा लोड येतो म्हणून. चालवणारा रस्त्याकडे बघतो आणि आकडे लॅपटॉप नोंदवतो. तुम्हीही मीटरकडे बघत गाडी चालवू नका.

बसवायला साधारण एक दिवस लागतो. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. गळती गार इंजिनवरच सापडते.