संमोहन व स्वसंमोहन

लक्ष एकाच गोष्टीवर खिळले, भोवतालचे भान मागे पडले, की मन आणि शरीर सूचनांना एरवीपेक्षा सहज प्रतिसाद देतात. ही अवस्था म्हणजे संमोहन. सूचना देणारा आणि घेणारा एकच असेल तर ते स्वसंमोहन.

ही झोप नव्हे. स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या आपल्या ग्रंथात निद्रेच्या ग्रीक शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. पुढे त्यांनाच ते खटकू लागले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. संमोहित माणसाला ऐकू येत असते आणि नको ती सूचना तो झिडकारू शकतो. रंगमंचावरच्या प्रयोगांनी नेमका उलटा समज पसरवला. त्या भीतीने कित्येक गरजू या उपचारापासून दूर राहतात, ही खेदाची गोष्ट आहे.

भूल देणारे ईथर-क्लोरोफॉर्म वापरात येण्याआधी, १८४५ मध्ये, बंगालमधील हुगळी येथे शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल यांनी संमोहनाच्या पूर्वरूपाच्या, म्हणजे मेस्मेरिझमच्या, आधाराने शस्त्रक्रिया केल्या. आज संमोहन हा भूल देण्याला पर्याय नाही. मात्र वेदना, उपचारांआधीची धास्ती आणि आतड्यांचा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा विकार यांत त्याचा उपयोग दिसून आला आहे. धूम्रपान सोडवण्याबाबतचा पुरावा त्यामानाने कच्चा आहे.

स्वसंमोहनासाठी आरामात बसून नजरेच्या किंचित वर असलेल्या एखाद्या बिंदूकडे पाहत राहावे. पापण्या जड झाल्या की मिटू द्याव्यात आणि दर उच्छ्वासाबरोबर दहापासून एकपर्यंत उतरत मोजावे. मग सूचना. ‘दुखणार नाही’ म्हटले तरी मन दुखण्यापाशीच घुटमळते. त्यापेक्षा हात गार पाण्यात बुडाला आहे, बोटे बधिर होत आहेत, असे चित्र उभे करावे आणि तो बधिरपणा दुखऱ्या जागी नेल्याची कल्पना करावी. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडावेत. पहिल्या दोन-चार बैठकांत काही जाणवले नाही तरी निराश होऊ नये. सूचना स्वीकारण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते आणि सरावाने हात बसतो.

निदान न झालेले दुखणे अशा रीतीने दाबून टाकणे धोक्याचे. तीव्र मनोविकारात तज्ज्ञाशिवाय हा प्रयोग करू नये. संमोहनात ‘आठवलेल्या’ घटना खऱ्या असतीलच असे नाही. उलट चुकीच्या आठवणीचीही माणसाला पक्की खात्री वाटू लागते. गाडी चालवताना संमोहनाच्या ध्वनिमुद्रित सूचना मुळीच ऐकू नयेत.