कोड न्या, नाव इथेच ठेवा

2006 च्या अखेरीस डेबियन लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत फायरफॉक्स या ब्राउझरचा 'आइसवीझल' झाला. आगीचा बर्फ, आणि कोल्ह्याचा मुंगसाच्या तोंडवळ्याचा एक प्राणी. ब्राउझर तोच, बारसं मात्र नवं.

हे झालं, कारण मुक्त स्रोताचा परवाना कोडपुरता असतो. कोड घ्या, बदला, वाटा. नाव आणि बोधचिन्ह मात्र ट्रेडमार्क कायद्याखाली मालकाकडेच राहतात. डेबियनची मंडळी फायरफॉक्समध्ये स्वतःच्या दुरुस्त्या करत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं, आमचं नाव लावायचं तर बोधचिन्हही लावा आणि बदल आम्हाला दाखवून करा. त्या बोधचिन्हाचा परवाना डेबियनच्या नियमांत बसेना. समेट व्हायला 2016 उजाडलं.

नावासाठी एवढी ओढाताण कशाला? लिनक्सवर धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीकडे पाहिलं की कळतं. तिच्या लिनक्सचा स्रोत घेऊन, नाव आणि चिन्हं काढून, 2004 पासून सेंटओएस नावाची तिची जुळी प्रणाली फुकट मिळू लागली. आपण कोणापासून घडलो हेही सेंटओएसवाल्यांना उघड सांगता येईना. 'उत्तर अमेरिकेतील एक प्रमुख विक्रेता' असं ते लिहीत. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांचीच आठवण व्हावी! तरीही मोठ्या कंपन्या रेड हॅटला पैसे मोजत राहिल्या. लाखो ओळींचा कोड तपासणं गिऱ्हाइकाच्या आवाक्यातलं नसतं आणि फुकटच्या मालात किमतीवरून दर्जाही ताडता येत नाही. मग उरतं नाव: मध्यरात्री सर्व्हर बसला तर फोन कोण उचलणार, याची खूण. रेड हॅटच्या संस्थापकांपैकी एक, बॉब यंग, केचपचा दाखला देत. ते घरीही करता येतं, पण लोक हाइन्झची बाटली आणतात. 2019 मध्ये आयबीएमने रेड हॅट सुमारे 34 अब्ज डॉलरना घेतली. तिचा बहुतेक कोड तर कोणालाही फुकट मिळत होता.

पण नावाची पुण्याई कामापेक्षा जास्त टिकते, हे मला जरा खटकतं. 2010 मध्ये ओपनऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरचे बरेच प्रोग्रामर त्याची मालक असलेल्या ऑरॅकल कंपनीच्या छत्राखालून बाहेर पडले. नाव मागितलं, मिळालं नाही, म्हणून लिबरऑफिस. पुढच्या वर्षी ऑरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. नव्या सोयी आणि नियमित आवृत्त्या लिबरऑफिसकडे येत राहिल्या, पण जुनं नाव ठाऊक असलेले लोक ओपनऑफिसच उतरवून घेत राहिले. अखेर 2020 मध्ये लिबरऑफिसवाल्यांनी अपाचेला खुलं पत्र लिहिलं: निदान तुमच्या वापरकर्त्यांना आम्ही आहोत एवढं तरी सांगा.